बाळाची सुंता: आधी काय बघायचं, नंतर निगा कशी राखायची

सुंता झाल्यावर तिसऱ्या रात्री फोन येतोच. “सिस्टर, पू झालाय. सगळं पिवळं दिसतंय.” मागून आजीचा आवाज येत असतो, बाळाचा मात्र येत नाही. मी विचारते, दूध पितोय का, अंग गरम लागतंय का, शू किती वेळा झाली. उत्तरं ठीक आली की सांगते, तो पू नाही, पुसू नका, व्हॅसलीन लावा आणि झोपा. काही जण तरीही पुसतातच. मग रक्त येतं आणि दुसरा फोन.

रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, लहान मुलांच्या वॉर्डात माझी नोकरी झाली. इथले कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे, त्यांच्यात सुंता वाजिब, म्हणजे बंधनकारक, मानतात. घाटावरच्या हनफी पंथाच्या घरांत ती सुन्नत, म्हणजे पैगंबरांची पाळायची प्रथा. पण बाळ आजारी असेल तर थांबायला दोन्हीकडे मोकळीक आहे. बेने इस्रायल, म्हणजे इथल्या ज्यूंची, घरं आता थोडी उरली, त्यांचा दिवस मात्र पक्का: आठवा. आणि तिसरे येतात ते बाकीचे आईबाप, “पुढची त्वचा मागे जात नाही” म्हणून घाबरलेले. त्यांच्यापासूनच सुरुवात करते, कारण त्यांतल्या बहुतेकांना काही करायचीच गरज नसते. (हा लेख मुलग्यांपुरताच आहे. मुलींच्या बाबतीत काही समाजांत जे केलं जातं, त्यात फायदा काडीचा नाही, नुसती इजा आहे.)

त्वचा मागे जात नाही म्हणून आलात तर

जन्मलेल्या मुलाची पुढची त्वचा आतल्या बोंडाला, म्हणजे शिश्नाच्या टोकाला, चिकटलेलीच असते. नखाखाली मांस चिकटलेलं असतं तशी. १९४९ साली गेर्डनर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी बाळं तपासून दाखवलं की जन्मतः शंभरातल्या जेमतेम चार मुलांची त्वचा पूर्ण मागे जाते. पुढे १९६८ साली डेन्मार्कमध्ये शाळकरी मुलांची वर्षानुवर्षं तपासणी झाली, तेव्हा सतराव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळ्यांची त्वचा आपोआप सुटलेली आढळली. कुणाची तिसऱ्या वर्षी सुटते, कुणाची दहाव्या. शेजारणीच्या मुलाशी तुलना करू नका.

मालिशवाल्या बाई रोज आंघोळीला त्वचा ओढतात, ते आधी बंद करा. ओढल्यानं बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण होतो आणि जी त्वचा आपसूक सुटणार होती ती खरोखरच आवळते. कधी ओढलेली त्वचा मागेच अडकून बसते, पुढचं बोंड सुजतं, मग रात्री अपरात्री रिक्षा काढावी लागते. त्वचेखाली तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गाठी दिसल्या तर तो पू नसतो, मृत पेशींचा मळ असतो. त्वचा सुटायला लागल्याचीच ती खूण. शू करताना त्वचा फुग्यासारखी फुगते, पण धार नीट पडते आणि मूल रडत नाही, तर त्यानंही बिघडत नाही.

मग सुंतेची खरी गरज कधी? त्वचेच्या तोंडाशी पांढरट, कडक, चामड्यासारखा व्रण आला असेल तर. वारंवार लाली, सूज, पू होत असेल तर. किंवा मूत्रमार्गात जन्मजात दोष असून लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तर. नुसती आवळलेली त्वचा असेल, तर डॉक्टर आधी स्टिरॉइडचं मलम चार ते आठ आठवडे लावून बघायला सांगतात आणि पुष्कळ मुलांचं काम त्यावरच भागतं. मलमाचं नाव न घेता थेट ऑपरेशनची तारीख मिळाली, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, अगदी बिनधास्त.

अमेरिकेतल्या लेकी-भाच्यांचं वेगळं असतं. तिथे बाळंतपणानंतर दुसऱ्याच दिवशी नर्स कागद पुढे करते, करायची का म्हणून, आणि दमलेली आई इकडे फोन लावते. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ साली म्हटलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सगळ्यांनाच करा असं सांगण्याइतके नाहीत. फायदे कोणते? पहिल्या वर्षात लघवीचा संसर्ग कमी होतो. पण निरोगी मुलग्यांत तो मुळातच शंभरात एखाद्यालाच होतो. आफ्रिकेतल्या तीन मोठ्या अभ्यासांत सुंता झालेल्या पुरुषांना स्त्रीसंबंधातून एचआयव्ही होण्याचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसलं, त्यावरून २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्या साथीच्या देशांसाठी शिफारस केली. न्यू जर्सीतल्या दोन दिवसांच्या बाळाला त्याची घाई नाही. घरात धर्माचं कारण नसेल तर “नको” म्हणणं हे पूर्ण उत्तर आहे, कारण द्यावं लागत नाही.

करायची ठरलीच, तर आधी बाळाकडे बघा

लंगोट सोडून उजेडात नीट बघा. शूचं भोक अगदी टोकाला आहे ना? काही बाळांत ते खालच्या बाजूला असतं, त्वचा वरून टोपडं घातल्यासारखी आणि खाली अपुरी दिसते, कधी सगळा भागच खाली वाकलेला असतो. अशा मुलाचं काही घरांत मोठं कौतुक होतं, “जन्मतःच सुंता होऊन आलाय” म्हणून. कौतुक करा, पण हात लावू देऊ नका. हा जन्मजात दोष आहे, साधारण दोन-तीनशे मुलग्यांत एकाला असतो, आणि तो दुरुस्त करताना तीच जादा त्वचा सर्जनला लागते. आधी कापून टाकली की सर्जनचे हात बांधले जातात. दुरुस्ती बहुधा सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात, सुंता त्यातच होऊन जाते.

दुसरं, रक्त. बाळाच्या मामाला, मावसभावाला दात काढताना किंवा पडल्यावर रक्त थांबत नव्हतं का, हे आईच्या माहेरी विचारा. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, बहुधा आईकडून येतो आणि मुलग्यांत दिसतो. ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात फार जुना नियम आहे: सुंतेनंतर दोन भाऊ रक्तस्रावानं गेले असतील, तर तिसऱ्याची सुंता करू नये. आजाराला नाव मिळण्याच्या कितीतरी शतकं आधी लोकांनी हे हेरलं होतं. आपण निदान फोन करून माहेरी विचारावं.

तिसरं, के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. जन्मल्यावर मांडीत १ मिलिग्रॅमचं देतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर कागदावर नोंद असते. घरी झालं असेल तर बहुधा राहून गेलेलं असतं. त्याशिवाय पहिल्या आठवड्यात सुंता म्हणजे आगीशी खेळ. रक्त गोठवणारे घटक नवजात बाळात आधीच कमी असतात.

दिवस भरण्याआधी जन्मलेलं, वजन कमी असलेलं, ताप-जुलाब असलेलं, डोळे-अंग पिवळं झालेलं बाळ थांबेल. आठव्या दिवसाचा नियम कडक असणाऱ्या ज्यू धर्मातसुद्धा पिवळ्या बाळाला थांबवायचाच आदेश आहे, तेव्हा दावत ठरली, पत्रिका गेल्या, हे कारण कुणी मला सांगू नये. आठवा दिवस मोजताना एक गंमत असते: जन्माचा दिवस धरतात आणि दिवस सूर्यास्ताला बदलतो. मंगळवारी दुपारी जन्मला तर पुढचा मंगळवार, दिवेलागणीनंतर जन्मला तर बुधवार. आमच्या वॉर्डात एकदा यावरून आजोबा आणि जावई तासभर वाद घालत होते.

वयाचं म्हणाल तर पहिले एक-दोन महिने सोपे. बाळ लोळत नाही, जखम लवकर भरते, बधिर करण्याच्या इंजेक्शनवर भागतं. त्यानंतर बहुतेक ठिकाणी पूर्ण भूल द्यावी लागते आणि गुंतागुंतीचं प्रमाण वाढतं. हे वय टळून गेलं तर चांगला बालशल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ असलेलं ठिकाण गाठा, घाईत कुठेही नको.

कुठे आणि कशी

गावात पूर्वी उस्ताद यायचे, वस्तरा आणि राख घेऊन. काहींचा हात खरोखर सफाईदार होता, हे मी नाकारत नाही. पण रक्त थांबलं नाही की बाळ शेवटी आमच्याकडेच यायचं, राखेनं माखलेलं, आणि ती राख धुण्यातच पहिला अर्धा तास जायचा. कोण करतो यापेक्षा ही चौकशी करा: हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) निर्जंतुक होतात का? बधिर करतात का? रक्त वाहिलं तर टाका घालणारं माणूस तिथे आहे का? रात्री फोन कोण उचलेल? धार्मिक विधी करणारा माणूस दवाखान्यात येऊन दुआ किंवा प्रार्थना म्हणू शकतो, बहुतेक डॉक्टर नाही म्हणत नाहीत.

“बाळाला दुखत नाही, साखर चोखायला दिली की झालं” हे ऐकाल. साखरपाण्यानं त्रास थोडा कमी होतो, हे खरं. पण ते भूल नव्हे. मुळाशी लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची सुई देऊन मज्जातंतू बधिर करायला हवेत, आणि त्या औषधात रक्तवाहिन्या आवळणारं अ‍ॅड्रिनलिन मिसळलेलं नसावं. हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

पद्धती मुख्यतः दोन प्रकारच्या. एकात चिमट्यासारखं उपकरण लावून (गोम्को, मोगेन ही त्यांची नावं) किंवा थेट हातानं त्वचा कापतात. मोठ्या बाळाला विरघळणारे टाके घालतात. दुसरीत प्लास्टिकची कडी बसवून वरून दोरा आवळतात, तिला प्लास्टिबेल म्हणतात. दोन्ही चांगल्या, ज्या डॉक्टरांचा हात ज्यावर बसलाय ती घ्या. मात्र घरी निगा दोन्हींची वेगवेगळी, म्हणून निघताना “कोणत्या पद्धतीनं केलं” हे कागदावर लिहून घ्या. “लेझर सुंता”च्या पाट्या आता तालुक्यातही दिसतात. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्षात विजेवर चालणारी कॉटरी, म्हणजे चटका देऊन कापणारं उपकरण, असते. १९६६ साली कॅनडात विनिपेग इथे कॉटरीनं एका बाळाचं अख्खं शिश्न जळलं होतं. धातूच्या चिमट्याबरोबर कॉटरी अजिबात नको.

त्या दिवशी

पूर्ण भूल असेल तर उपास काटेकोर हवा. अंगावरचं दूध चार तास आधी बंद, वरचं किंवा पावडरचं दूध सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधी. “बिचारा रडतोय” म्हणून आजीनं गपचूप पाजलं, तर भुलेत उलटी फुप्फुसात जाऊ शकते. कुणी पाजलं असेल तर खरं सांगा, तारीख पुढे जाईल एवढंच. फक्त बधिर करून करणार असाल तर पोटभर पाजलं तरी चालतं का ते विचारून घ्या. संपल्यावर मात्र लगेच अंगावर घ्या. त्याच्याइतकं गुणी औषध दुसरं नाही.

घरून न्यायचं: जुने मऊ सुती लंगोट डझनभर, किंवा एक माप मोठे डायपर, व्हॅसलीनची नवी डबी, घरातली उघडलेली नको, निर्जंतुक गॉजची पाकिटं, लसीकरणाचं कार्ड. पावसाळ्यात कोकणात लंगोट वाळत नाहीत, दमट राहतात. इस्त्री फिरवून ठेवा.

पहिले चोवीस तास

घरी निघण्याआधी पट्टीवरचं रक्त एकदा डॉक्टरांबरोबर बघा, म्हणजे “किती होतं” हे डोळ्यात राहील. पाहुणे हवेत तर हॉलमध्ये. बाळ हातोहात फिरवायचं नाही.

लंगोटावर रुपयाएवढा डाग, एखाद दुसरा थेंब, हे चालतं. डाग मोठा होत गेला किंवा थेंब थांबेनात, तर स्वच्छ गॉज घेऊन अंगठा आणि बोटानं हलकं पण सलग दाबा. घड्याळ लावून पाच मिनिटं. मध्ये उघडून बघायचं नाही, सगळे इथेच चुकतात. पाच मिनिटांनी थांबलं नाही तर दाबलेलंच ठेवून दवाखान्यात निघा. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटर रक्त असतं, त्यामुळे भिजलेला लंगोट ही किरकोळ गोष्ट नाही. दोरा बांधू नका, पट्टी करकचून आवळू नका. हळद, राख, कॉफी, चुना काहीही भरू नका.

शू कधी झाली ती वेळ लिहा. सहा-आठ तासांत व्हायला हवी. बारा तास कोरडे गेले तर थांबू नका.

वेदनेसाठी पॅरासिटॅमॉल डॉक्टर वजनावरून लिहून देतील, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम असा हिशेब असतो. पण बाटली नीट बघा. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, तर साध्या सिरपात १२५ मिलिग्रॅम ५ मिलिलिटरला. सिरपाचं माप थेंबांतून दिलं तर चौपट औषध पोटात जातं. अ‍ॅस्पिरिन कधीच नाही. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरच्या घरी, न विचारता तापाचं औषध देऊ नका. त्यामागे संसर्ग लपतो.

दुसऱ्या दिवसापासून

आता ते पिवळं. कडी न लावता केलेल्या सुंतेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोंडावर पिवळट पांढरा पातळ थर येतो. गुडघा खरचटल्यावर खपली येते, इथे ओलावा असल्यानं खपलीऐवजी हा थर येतो. जखम भरत असल्याची ती खूण, आठवड्याभरात आपोआप जाते. पू ओळखायचा वासानं, पसरत जाणाऱ्या लालीनं आणि तापानं. बोंड पहिले काही दिवस लालभडक, जांभळटसुद्धा दिसतं, खालची कड पाणी भरल्यासारखी सुजते. आरशासारखं चकचकीत लाल बघून आया रडतात. मीही पहिल्यांदा घाबरले होते.

पट्टी असेल तर चोवीस तासांनी काढतात. चिकटली तर ओढू नका, कोमट पाण्याची धार सोडत राहा, सुटते. नंतर पट्टी परत बांधायची की नाही ते डॉक्टर सांगतील. बांधा न बांधा, प्रत्येक लंगोट बदलताना व्हॅसलीन मात्र हवंच, करंगळीच्या पेराएवढं, बोंडावर आणि लंगोटाच्या आतूनही, म्हणजे कापड चिकटत नाही. असं पाच-सात दिवस. शी लागली तर कोमट पाण्यानं धुवा, साबण नको, ओले टिश्यू नकोत, झोंबतात. टिपून घ्या, घासू नका. पावडर कुठलीच नको, मग ती सुगंधी असो वा औषधाची, डॉक्टरांनी लिहिली नसेल तर.

प्लास्टिबेल असेल तर पट्टी लागत नाही. दोऱ्याच्या पुढची त्वचा काळी पडून वाळते, ते बरोबर आहे. पाच ते दहा दिवसांत कडी स्वतःहून गळते, बहुधा लंगोटातच सापडते. अर्धी सुटून लोंबायला लागली की हात शिवशिवतात. ओढू नका. दोन आठवड्यांत पडली नाही तर दाखवा. कडी खाली शिश्नाच्या दांड्यावर सरकून आवळली, पुढचा भाग सुजून गडद झाला, तर मिनिटंही दवडू नका.

आपल्याकडचं न्हाणं ही मात्र खास अडचण. बाई पाय पसरून बसते, बाळाला पालथं घालते आणि चोळते. सुंतेची जागा नेमकी तिच्या नडगीवर घासते. आठ-दहा दिवस पालथं घालणं बंद, कमरेखाली तेलाचा हात नाही, ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. मालिशवाल्या बाईंना हे सुंतेच्या आधीच सांगा, नंतर त्या ऐकत नाहीत. शेक-शेगडी, धुरी तिथे लागू द्यायची नाही. गुंडाळायचं असेल तर पाय मोकळे ठेवा. झोपवायचं उताणंच.

सगळी जखम सात ते दहा दिवसांत भरते. कापलेल्या कडेला बारीक गाठ, थोडी सूज दोन-तीन आठवडे राहते.

ताबडतोब दवाखान्यात न्यायचं ते असं: काखेतला ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर, बाळ दूध ओढत नाही, मलूल पडलंय, उठवून उठत नाही, लाली पोटाकडे किंवा मांडीकडे पसरतेय, दुर्गंधी किंवा हिरवट पू, बोंड निळं-काळं, शू बंद, दाबूनही न थांबणारं रक्त. यासाठी रात्र, सण, ओपीडीची वेळ काही बघू नका.

जखम भरल्यावर

इथे सगळे विसरतात. गुटगुटीत बाळांत ओटीपोटाची चरबी पुढे येते आणि सगळं आत दडल्यासारखं दिसतं. सासू म्हणते, सुंता नीट झाली नाही, परत करा. परत करायची नसते, बाळ चालायला लागलं की दिसू लागतं. तोवर आंघोळीच्या वेळी दोन बोटांनी बाजूची चरबी हलकी दाबून उरलेली त्वचा कडेपासून मागे सारायची, स्वच्छ करायची, व्हॅसलीनचं बोट लावायचं. दोन-तीन आठवड्यांनी, डॉक्टरांनी एकदा बघून हो म्हटल्यावर सुरू करा. नाहीतर त्वचा बोंडाला चिकटून पूल तयार होतो आणि तो सोडवायला पुन्हा टेबलावर न्यावं लागतं.

शूच्या भोकाशी ओला डायपर घासून काही मुलांत ते हळूहळू आवळतं, कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. डायपर वेळेवर बदला, रात्री तर नक्कीच. आणि मुलगा उभा राहून शू करायला लागला की एकदा मागे उभं राहून बघा: धार सरळ पडते, की सुईसारखी बारीक होऊन वर उडते, की जोर लावावा लागतो. वर उडत असेल तर तो कमोडच्या बाहेर करतो म्हणून त्याला ओरडू नका, सर्जनला दाखवा. भोक मोठं करणं हे लहानसं काम असतं, बहुतेकदा त्याच दिवशी घरी सोडतात.